कर्करोगावरील विषें आणि रक्तांतील रक्षक

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, आड्रियाटिक समुद्राच्या कांठीं, बारी नांवाचें एक जुनें बंदर आहे. ता. २ डिसेंबर १९४३ रोजीं सायंकाळीं जर्मन विमानांचा एक तांडा या बंदरावर चालून आला. दोस्त राष्ट्रांचीं जहाजें तेथें दाटीवाटीनें उभीं होतीं, धक्क्यावर दिवे जळत होते, आणि शत्रु इतक्या दूरवर येईल अशी कोणास शंकाहि नव्हती. पाहतां पाहतां सतरा जहाजें बुडालीं. त्यांपैकीं 'जॉन हार्वे' नांवाच्या अमेरिकन जहाजाच्या पोटांत सुमारें दोन हजार बाँब होते, आणि त्यांत नेहमींची दारू नसून मस्टर्ड वायूचें विष भरलेलें होतें. शत्रूनें विषारी वायु वापरल्यास त्याला तसेंच उत्तर देतां यावें म्हणून तें गुप्तपणें आणून ठेवलें होतें. जहाजावरील ज्यांना हें ठाऊक होतें ते जहाजाबरोबरच गेले. समुद्रावर पसरलेल्या तेलांत तें विष मिसळलें, आणि त्यांतून पोहून आलेल्या खलाशांना ओल्या कपड्यांनिशींच कांबळ्यांत गुंडाळून इस्पितळांत निजविण्यांत आलें. उजाडेपर्यंत त्यांचे डोळे सुजून मिटले, अंगावर फोड उठले. आणि ज्यांच्या जखमा किरकोळ दिसत होत्या अशीं माणसेंहि अकस्मात् मरूं लागलीं.

आल्जिअर्सहून स्ट्यूअर्ट अलेक्झांडर या तरुण अमेरिकन लष्करी डॉक्टरास तपासासाठीं पाठविण्यांत आलें. रोगी त्या रात्रीं बंदरांत कोठकोठें होते हें त्यानें नकाशावर मांडून पाहिलें, आणि विषाचा उगम कोणत्या जहाजापाशीं आहे हें ओळखलें. सहाशेंहून अधिक लोकांना विषबाधा झाली होती व त्यांतील ८३ जण इस्पितळांत मेले. शहरांतील नागरिक किती मेले याची मोजदादच झाली नाहीं. अलेक्झांडरचा अहवाल गुप्त ठेवण्यांत आला. ब्रिटनचे मुख्य प्रधान चर्चिल यांना तर त्यांतील निष्कर्षच मान्य होईना. त्या अहवालांत एक गोष्ट विशेष होती. विषबाधा झालेल्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी, म्हणजे रोगजंतूंशीं लढणाऱ्या रक्षक पेशी, झपाट्यानें नाहींशा झाल्या होत्या.

कर्करोगावरील औषधांचा इतिहास सांगणारे पुष्कळ लेखक आपल्या कथेचा आरंभ याच रात्रीपासून करतात. बारीच्या प्रेतांची तपासणी झाली, पांढऱ्या पेशी गेलेल्या दिसल्या, त्यावरून पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर हें विष चालेल असें कोणास तरी सुचलें आणि औषध जन्मास आलें, अशी ती कथा आहे. कथा रंगतदार आहे. परंतु सनावळी तिला साथ देत नाहीं. बारीच्या आधीं एक वर्ष तीन महिने, ता. २७ ऑगस्ट १९४२ रोजीं, अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या इस्पितळांत या विषाच्या एका सगोत्र रसायनाची मात्रा एका रोग्याच्या शिरेंत गेलेली होती. बारीच्या अनुभवानें त्या प्रयत्नास पाठबळ मिळालें इतकेंच.

मूळ धागा याहूनहि जुना आहे. जर्मनांनीं मस्टर्ड वायु प्रथम वापरला तो जुलै १९१७ मध्यें, बेल्जममधील ईप्र शहराजवळ. वस्तुतः तो वायु नव्हेच. तें एक तेलकट द्रव आहे, आणि मोहरीशीं त्याचें नातें वासापुरतेंच. पुढें दोन महायुद्धांमधील काळांत ब्रिटिश लष्करानें रावळपिंडी येथें हिंदी शिपायांच्या अंगावर या विषाचे प्रयोग करून पाहिले, ही हकीकतहि आतां उघड झालेली आहे. फोड, आंधळेपणा आणि भाजलेलीं फुप्फुसें हीं सर्वांच्याच नजरेस येत. १९१९ सालीं एडवर्ड व हेलन क्रंबार या दांपत्यानें मात्र या विषानें मेलेल्या सैनिकांच्या हाडांच्या पोकळींत पाहिलें. तेथील मज्जा, म्हणजे रक्त तयार करण्याचा शरीराचा कारखाना, ओस पडलेला त्यांना आढळला. त्यांनीं तें लिहून प्रसिद्ध केलें. पण कित्येक वर्षें त्याकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर येलमधील लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन या दोन औषधशास्त्रज्ञांवर सरकारनें विषारी वायूंच्या अभ्यासाचें काम सोंपविलें. मस्टर्डमधील गंधकाच्या अणूच्या जागीं नायट्रोजनचा अणु घातला म्हणजे जें रसायन होतें तें द्रावणाच्या रूपानें टोंचतां येतें. तें प्राण्यांना टोंचल्यावर पांढऱ्या पेशी व त्यांची वसतिस्थानें असलेल्या लसीका-ग्रंथि तेवढ्या आधीं झिजतात, असें त्यांस दिसून आलें. टॉमस डोहर्टी या त्यांच्या सहकाऱ्यानें लसीका-ग्रंथींचा कर्करोग झालेल्या उंदरावर प्रयोग केला, आणि ती गांठ विरघळली. त्यानंतर गुस्टाफ लिंडस्कॉग या शल्यवैद्यानें एक रोगी पुढें केला.

हा रोगी पोलंडांतून अमेरिकेंत आलेला एक कारखान्यांतील कामगार होता. त्याचें पुरें नांव कोठें प्रसिद्ध झालेलें नाहीं. गळ्याभोंवतीं व जबड्याखालीं वाढलेल्या गांठींमुळें त्याला धड गिळतां येत नव्हतें, मान वळवितां येत नव्हती. क्ष-किरणांचाहि उपयोग होईनासा झाला होता. दहा दिवस रोज एक याप्रमाणें त्याला मात्रा देण्यांत आल्या. गांठी मऊ पडल्या, लहान झाल्या, दिसेनाशा झाल्या. तो जेवूं लागला, मान वळवूं लागला. पण त्याच वेळीं त्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशीहि ओसरूं लागल्या. पुढें गांठी परत आल्या. औषध पुन्हां दिलें, तेव्हां गुण पहिल्याइतका आला नाहीं. ता. १ डिसेंबर १९४२ रोजीं, पहिल्या मात्रेपासून शहाण्णवाव्या दिवशीं, तो मरण पावला. बारीचा हल्ला त्यानंतर बरोबर एक वर्ष व एक दिवसानें झाला. युद्धकाळ असल्यामुळें त्याच्या कागदांत औषधाचें नांवहि लिहिलेलें नव्हतें. या कामाचा पहिला वृत्तांत छापला गेला तो १९४६ सालीं. आणि त्या माणसाचें मूळ टिपण येलच्या शल्यवैद्यांनीं दप्तरांतून शोधून काढलें तें सत्तर वर्षांनीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या पेशींना मारण्यासाठीं हें विष दिलें त्या कुळानें रक्षकच होत्या. रक्षकांपैकीं कांहीं बेबंद वाढूं लागले म्हणून तर तो रोग. विष बंडखोर रक्षक व इमानी रक्षक यांत भेद करीत नसे. त्यामुळें पहिल्या दिवसापासूनच एक समजूत वैद्यांच्या मनांत घर करून बसली, कीं हें औषध आणि शरीराची प्रतिकारशक्ति यांचें उभें वैर आहे. एक वाढलें कीं दुसरी घटावयाची. ही समजूत अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकली.

विष पेशीच्या आंत नेमकें काय करतें, याचा सुगावा लागला तो इस्पितळांत नव्हे. जर्मनींतून ज्यू म्हणून बाहेर पडावें लागलेल्या शार्लट आउअरबाख या विदुषी स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठांत फळमाश्यांवर संशोधन करीत होत्या. क्ष-किरणांनीं आनुवंशिक गुणांत बदल घडवितां येतात हें हर्मन मुलर यांनीं १९२७ सालीं दाखविलें होतें, आणि ते स्वतः त्या सुमारास एडिंबरोंतच होते. त्याच विद्यापीठांतील क्लार्क या औषधशास्त्रज्ञास असें दिसलें होतें कीं मस्टर्डच्या जखमा क्ष-किरणांच्या जखमांसारख्याच असतात; लवकर भरत नाहींत, भरल्या तरी पुन्हां फुटतात. तेव्हां आउअरबाख व रॉब्सन यांनीं १९४०–४१ मध्यें विभागाच्या गच्चीवर माश्यांना तो वायु देऊन पाहिला. साधनें इतकीं अपुरीं होतीं कीं बाईंचे हात भाजून निघाले. माश्यांच्या पुढील पिढ्यांत जे दोष उतरले ते क्ष-किरणांनीं घडविलेल्या दोषांसारखे होते. रसायनानें आनुवंशिक द्रव्याला धक्का बसतो याचा हा पहिला भक्कम पुरावा! पण मस्टर्ड हें युद्धाचें गुपित. शोधाची पहिली जाहीर वाच्यता झाली ती १९४६ सालीं. ज्या वर्षीं येलचें औषध उजेडांत आलें, त्याच वर्षीं एडिंबरोच्या माश्याहि. दोन्ही कामें पांच वर्षें बंद पेट्यांत शेजारीं शेजारीं ठेवल्यासारखीं होतीं, आणि एकाला दुसऱ्याचा उपयोग झाला नाहीं. युद्धानें विज्ञानाला गति दिली असें जे सहज बोलतात त्यांनीं हा हिशेबहि मांडावा.

१९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डी. एन. ए. ची, दुपदरी रचना उलगडली. मग लंडनमधील चेस्टर बीटी संस्थेंत पीटर ब्रूक्स व फिलिप लॉली यांनीं १९६० च्या सुमारास मस्टर्डची करणी दाखविली. या रसायनाला जणूं दोन हात असतात, आणि दोहोंनीं तें डी. एन. ए. मधील ग्वानीन या घटकास धरतें. दोन हातांत समोरासमोरच्या पदरांतील दोन ग्वानीन सांपडले कीं पदर एकमेकांस जखडले जातात. पेशीनें दुभंगावयाचें तर आधीं पदर सुटावयास हवेत. ते सुटत नाहींत, ओढाताणींत दोर तुटतो आणि पेशी मरते. जी पेशी वरचेवर दुभंगते ती आधीं सांपडते: कर्करोगाची, मज्जेची, केसांच्या मुळाची. १९६५ सालीं मिशिगनमध्यें बार्नेट रोझेनबर्ग जंतूंच्या वाढीवर विजेचा परिणाम पाहत असतां ते जंतु दुभंगेनासे होऊन नुसते लांबतच गेले. कारण शोधतां तें विजेंत नसून प्लॅटिनमच्या विद्युदग्रांतून सुटणाऱ्या संयुगांत आढळलें. तेंच सिसप्लॅटिन. १९७८ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. त्याचीहि मुख्य पकड ग्वानीनवरच.

इकडे वैराची समजूत अधिकच दृढ होत होती. १९५९ सालीं बोस्टनमध्यें रॉबर्ट श्वार्ट्झ व विल्यम डॅमशेक यांनीं रक्ताच्या कर्करोगावरील एक औषध सशांना दिलें, तेव्हां ते ससे परक्या द्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करीनासे झाले. त्यावरूनच परक्याचें मूत्रपिंड शरीरानें नाकारूं नये म्हणून या वर्गाचीं औषधें वापरण्यास सुरुवात झाली. प्रतिकारशक्ति मुद्दाम दडपावयाची तर कर्करोगाचें औषध द्यावें, अशी स्थिति झाल्यावर त्याच औषधाला प्रतिकारशक्तीचें साह्य असेल असें कोण मानणार? आणखी एक कारण होतें, व तें अधिक घातक ठरलें. मनुष्याची कर्करोगाची गांठ साध्या उंदराच्या अंगांत रुजत नाहीं. त्याचे रक्षक ती मारून टाकतात. १९६९ सालीं डेन्मार्कमध्यें अशी गांठ जन्मतः केस नसलेल्या व प्रतिकारशक्ति पंगु असलेल्या उंदरांत रुजविण्यांत आली, आणि पुढें औषधांची परीक्षा अशाच उंदरांवर सर्रास होऊं लागली. रक्षकांचा भाग किती हें कळावयाचें कसें? जेथें रक्षकच नाहींत अशाच घरांत प्रयोग चालला होता.

आतां पुन्हां बारीकडे वळणें भाग आहे. त्या शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर एका टेकडीवर सम्राट् दुसऱ्या फ्रेडरिकनें तेराव्या शतकांत बांधलेला अष्टकोनी किल्ला उभा आहे. त्याला कास्तेल देल मोंते म्हणतात. मिलानच्या फार्मितालिया या औषधी कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९५० नंतरच्या दशकांत तेथील मातींतून एक सूक्ष्म जंतु वेगळा केला. तो तांबडें द्रव्य तयार करी. रोमन लोकांच्या आधीं त्या भागांत राहणाऱ्या प्यूसेती जमातीवरून जंतूला नांव मिळालें. त्याच्यापासून पुढें काढलेल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाचें व्यापारी नांव 'आड्रियामायसिन' आड्रियाटिक समुद्रावरून आलें. ज्या पाण्यावर १९४३ सालीं तें विषारी तेल पसरलें होतें तोच हा समुद्र. या तांबड्या औषधाचें काम मस्टर्डपेक्षां निराळें आहे. डी. एन. ए. चा पीळ सोडविण्यासाठीं पेशींतील एक विकर दोर क्षणभर कापतें व पुन्हां जोडतें. औषध त्या विकराला कापल्यावर तसेंच अडकवून ठेवतें. हें रहस्य १९८४ सालीं उलगडलें.

याच औषधानें जुन्या समजुतीला पहिला मोठा तडा दिला. पॅरिसजवळील व्हिलझ्वीफ येथें लॉरान्स झिटव्होगेल व गिडो क्रोमर यांच्या मंडळींनीं २००५ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या कर्करोगाच्या पेशी डॉक्सोरुबिसिननें मरणपंथास लावून त्या निरोगी उंदरांना टोंचल्या, आणि कांहीं दिवसांनीं त्याच जातीच्या जिवंत कर्करोगपेशी टोंचल्या. पुष्कळ उंदरांत गांठ धरलीच नाहीं. मेलेल्या पेशींनीं लसीचें काम केलें होतें! शिवाय ज्यांची प्रतिकारशक्ति शाबूत त्या उंदरांत औषधाचा जो गुण दिसे, तो ती नसलेल्या उंदरांत दिसेना. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें श्टेफान गासर व डेव्हिड रॉलेट यांनीं दाखविलें कीं डी. एन. ए. ला इजा झालेली पेशी आपल्या पृष्ठभागावर खुणेचीं प्रथिनें चढविते, आणि रक्षकांपैकीं मारेकरी पेशी त्या खुणा ओळखतात. घरांत आग लागली कीं दारावर लाल निशाण लागावें तसाच हा प्रकार.

राहिला प्रश्न असा कीं, तुटलेला डी. एन. ए. इजेची वर्दी प्रतिकारयंत्रणेला कसा देतो? पेशीची एक शिस्त आहे. डी. एन. ए. नें केंद्रकांत राहावें, किंवा ऊर्जा पुरविणाऱ्या कणांत. त्याबाहेरील पेशीद्रवांत तो आढळला कीं विषाणु घुसला असें समजावें. २००८ सालीं मायामी येथें ग्लेन बार्बर यांनीं 'स्टिंग' नांवाचें प्रथिन शोधलें. तें हांक ऐकून इंटरफेरॉन हें धोक्याचें रसायन सोडावयास लावतें. पण मुळांत हांक मारणारा कोण हें कळलें नव्हतें. तो शोध डॅलस येथें झिजियान चेन यांनीं लावला व डिसेंबर १९१२ च्या नव्हे, अगदीं अलीकडच्या, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केला. 'सीगॅस' नांवाचें प्रथिन पेशीद्रवांतील डी. एन. ए. ला चिकटतें आणि एक लहानसा संदेशवाहक रेणु तयार करतें. तो रेणु स्टिंगपर्यंत जातो. या शोधाबद्दल चेन यांना २०२४ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें. विषाणूंसाठीं असलेली ही चौकी कर्करोगाच्या औषधानेंहि जागी होते. तुटलेला डी. एन. ए. घेऊन पेशी दुभंगली कीं कांहीं तुकडे मागें राहतात, त्यांभोंवतीं तकलादु आवरणाचें एक चिमुकलें केंद्रक बनतें, आवरण फाटतें आणि आंतील डी. एन. ए. सीगॅसच्या हातीं लागतो. २०१७ सालीं हें दोन ठिकाणीं एकाच वेळीं दिसून आलें: एक फिलाडेल्फिया, आणि दुसरें एडिंबरो, जेथें शहात्तर वर्षांपूर्वीं गच्चीवर माश्यांना वायु दिला गेला होता. हांक जाण्याची मुख्य वाट हीच कीं दुसरी, यावर अजून मतभेद आहेत.

इतकें समजल्यावर हुरूप चढावा हें साहजिक होतें. पण या प्रकरणांत हुरूपाची किंमत रोग्यांनींच मोजलेली आहे. डी. एम. एक्स. ए. ए. नांवाचें एक औषध उंदरांच्या गांठी आश्चर्यकारक रीतीनें नाहींशा करी. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांवर त्याची मोठी परीक्षा झाली, आणि तें निष्फळ ठरलें. कारण मागाहून, २०१३ सालीं, कळलें: तें औषध उंदराच्या स्टिंगला चिकटतें, माणसाच्या स्टिंगला चिकटत नाहीं. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ज्या कर्करोगांत गुणसूत्रें सतत तुटत असतात त्यांत ही घंटा रात्रंदिवस वाजत राहते. रक्षक तिला सरावतात, आणि रोग उलट त्याच इशाऱ्याचा उपयोग पसरण्यासाठीं करून घेतो, असें २०१८ सालीं न्यूयॉर्कमध्यें सॅम्युएल बाखूम यांच्या प्रयोगांत आढळलें.

त्याच २०१८ सालीं फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ६१६ रोग्यांवरील एका परीक्षेचा निकाल बाहेर आला. कांहींना पेमेट्रेक्सेड व प्लॅटिनमचें औषध एवढेंच दिलें. इतरांना त्याच्या जोडीला रक्षक पेशींवरचा लगाम सैल करणारें पेंब्रोलिझुमॅब. एक वर्षानें पहिल्या गटांत शेंकडा ४९ रोगी हयात होते, दुसऱ्यांत ६९. यांतील किती यश विषानें मारलेल्या हांकेचें आणि किती सैल केलेल्या लगामाचें, याची वांटणी त्या आंकड्यांवरून करतां येत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं विष दिल्यामुळें रक्षक निकामी झाले नव्हते. औषध तीन आठवड्यांच्या अंतरानें दिलें जात असे. अशा उपचारांत प्रत्येक मात्रेच्या आधीं रोग्याचें रक्त काढून त्यांतील पांढऱ्या पेशी मोजतात, आणि त्या फार घटलेल्या असल्या तर मात्रा पुढें ढकलतात. येलच्या त्या कामगाराच्या पेशीहि १९४२ च्या शरदांत अशाच मोजल्या जात होत्या.